पक्ष्यांच्या पायात पत्ता अडकवणारा माणूस: डॉ. सलीम अली

दसरा सरला की फलटण तालुक्यात नीरा उजव्या कालव्याच्या कडेला एक पाहुणा दिसायला लागतो. चिमणीपेक्षा सडसडीत, काळा-पांढरा, आणि शेपटी सारखी वरखाली करणारा. दगडावर कपडे आपटावेत तशी ही शेपटी आपटते म्हणून लोक त्याला धोबी म्हणतात. संस्कृत कवींनी सुंदर डोळ्यांना खंजनाची उपमा दिली, तो खंजन हाच.

थंडी वाढते, शाळू हुरड्यावर येतो आणि मग भोरड्या उतरतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या. एकदा थवा रानात बसला की राखणदाराला गोफण घेऊन दिवसभर उभं राहावं लागतं.

उन्हाळा संपेपर्यंत दोघंही गायब होतात. पुढच्या वर्षी परत हजर.

फलटण म्हणजे पर्जन्यछायेचा पट्टा. इथं समुद्र नाही आणि दाट जंगलही नाही. तरीही या गावच्या आकाशावरून दरवर्षी परदेशातले हजारो प्रवासी जातात. धोबी हिमालयापलीकडून आणि सायबेरियाकडून येतो, भोरडी मध्य आशियातून. आज ही माहिती मोबाईलवर दोन मिनिटांत मिळते. पण सत्तर वर्षांपूर्वी कोणता पक्षी नेमका कुठून येतो आणि कुठं जातो याची भारतात फारशी नोंदच नव्हती. ती नोंद करायचं काम ज्या माणसानं अंगावर घेतलं, तो मुंबईतल्या खेतवाडीत वाढलेला होता.

डॉ. सलीम अली. पूर्ण नाव सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली. जन्म १२ नोव्हेंबर १८९६.

दहा भावंडांतलं हे शेंडेफळ. वर्षाचा असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. सांभाळ केला मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी. मामा शिकारीचे शौकीन. त्यांनी भाच्याला छऱ्यांची बंदूक आणून दिली आणि भाचा चिमण्या मारत फिरू लागला. पुढं पक्ष्यांचा तारणहार म्हणून ओळखला गेलेला माणूस सुरुवातीला असा होता. त्यानं स्वतः ते कधी लपवलं नाही.

१९०८ च्या सुमारास त्यानं मारलेली एक चिमणी वेगळी निघाली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामाला सांगता येईना, म्हणून मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. १८८३ साली सुरू झालेली ही संस्था तेव्हा फिप्सन नावाच्या दारूच्या व्यापारी कंपनीच्या जागेत होती. तिचे सचिव होते डब्ल्यू. एस. मिलर्ड. इंग्रजांचं राज्य, आणि समोर हातात कागदात गुंडाळलेली मेलेली चिमणी घेऊन उभा असलेला बारा वर्षांचा हिंदी पोरगा. मिलर्ड यांनी त्याला हाकललं नाही. ही रानचिमणी आहे हे सांगितलं, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण उघडून दाखवले, वाचायला पुस्तकं दिली.

सलीम अलींचं आयुष्य इथून वळलं असं सगळे सांगतात. ते खरंही आहे, पण पुढची वीस वर्षं सरळ गेली नाहीत.

शिक्षणात गाडी अडखळली. १९१४ मध्ये घरच्यांनी ब्रह्मदेशात तवॉयला पाठवलं. तिथं कुटुंबाचा वुल्फ्रामच्या खाणीचा आणि लाकडाचा धंदा होता. धंद्यात लक्ष कमी आणि रानात जास्त, त्यामुळं व्हायचं तेच झालं. परत येऊन व्यापारी शिक्षण घेतलं, जोडीला सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पदवी मात्र नव्हती, आणि त्यामुळंच झूऑलॉजिकल सर्व्हेमधली पक्षीतज्ज्ञाची नोकरी हुकली.

१९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये लोकांना माहिती देण्याची नोकरी मिळाली. तिथं दोनच वर्षांत त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आवड आहे, पण शास्त्र येत नाही. रजा काढून त्यांनी बर्लिन गाठलं. तिथले प्राध्यापक एर्विन स्ट्रेझेमान हे त्या काळातले पक्षीशास्त्राचे बापमाणूस.

त्या मुक्कामात सलीम अली उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर गेले. बेट एवढंसं, चारी बाजूंनी पाणी. स्थलांतराच्या दिवसांत युरोपच्या उत्तरेकडून निघालेले पक्षी समुद्र ओलांडताना दमून इथं उतरायचे. बेटावर झुडपांची एक बाग मुद्दाम वाढवलेली होती आणि तिच्याभोवती नरसाळ्यासारखं जाळं. पक्षी आसऱ्याला आत शिरायचे, अलगद पकडले जायचे, पायात नंबर घातलेली हलकी रिंग चढवली जायची आणि लगेच सोडून दिले जायचे.

कल्पना अगदी साधी. पक्ष्याला विचारता येत नाही तू कुठून आलास, म्हणून त्याच्या पायातच पत्ता अडकवायचा. पुढं कुणाच्या हाती तो पक्षी लागला आणि त्यानं नंबर कळवला, की नकाशावर दोन टिंबं मिळतात. मग त्या दोन टिंबांमध्ये रेघ ओढायची.

भारतात हा प्रयोग नवा नव्हता. १९२७ च्या आसपास धारच्या मराठा संस्थानात बदकांना रिंगा घालायला सुरुवात झाली होती. पण तो थोड्या संख्येवर चाललेला हौशी उद्योग होता.

१९३० मध्ये सलीम अली परत आले, तर म्युझियमची नोकरीच बंद झालेली. पैसे नाहीत म्हणून पद रद्द. परदेशातून शिकून आलेला, चौतिशीला टेकलेला बेकार माणूस. मुंबईत राहणं परवडेना तेव्हा नवरा-बायको अलिबागजवळच्या किहीमला, समुद्राकाठच्या घरी राहायला गेले.

हा किहीमचा मुक्काम म्हणजे त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा काळ असं म्हणायला हरकत नाही. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. शिडी लावून, आडोसा करून सलीम अली तासन्‌तास ती घरटी बघत बसले. तोवर सगळ्यांची समजूत होती की सुगरण आणि तिचा नर जोडीनं घर बांधतात. त्यांना दिसलं ते वेगळंच. नर अर्धं घरटं विणून थांबतो. माद्या येऊन बांधकाम तपासतात. एखादीला पसंत पडलं तर ती ताबा घेते, मग तो ते पूर्ण करतो. आणि ती अंड्यांवर बसली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं घर सुरू करतो, दुसरीसाठी.

म्हणजे मराठी घराघरांत जिच्या हुन्नराचं कौतुक होतं ती सुगरण विणकर नाहीच. ती घर बघायला येणारी चोखंदळ गिऱ्हाईक आहे! १९३१ मध्ये हे संशोधन छापून आलं आणि बेकार माणसाचं नाव जगातल्या पक्षीतज्ज्ञांपर्यंत पोचलं.

त्याच किनाऱ्यावर शरदात दुसरा तमाशा असतो. पावसाळ्याचा जोर ओसरला की कोकणच्या पुळणींवर आणि खाड्यांच्या चिखलात चिखल्या, तुतारी, कुरव, सुरय उतरू लागतात. कालवं फोडून खाणारा कालवफोड्या येतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की जेवण, भरतीला विश्रांती, असं त्यांचं वेळापत्रक समुद्राच्या घड्याळावर चालतं. हजारो किलोमीटर उडून आल्यावर वजन भरून काढायला त्यांना हा चिखल लागतो. माणसाला जी ओसाड दलदल दिसते ती त्यांची खानावळ असते. खाडीत भराव टाकला की खानावळ बंद होते, आणि पाहुण्याला ते कळतं तेव्हा तो हजारो किलोमीटर उडून आलेला असतो.

नोकरी नव्हती, म्हणून सलीम अलींनी एक युक्ती काढली. संस्थानिकांना सांगायचं की तुमच्या राज्यातल्या पक्ष्यांची मोजदाद करून देतो, पगार नको, फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्या. सुरुवात निजामाच्या हैदराबादपासून झाली. त्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता. मग त्रावणकोर-कोचीन, पुढं कच्छ. तंबू, बैलगाडी, कंदील आणि सोबत तेहमिना. मुक्कामाची सगळी व्यवस्था त्या बघायच्या आणि नवऱ्याचं इंग्रजीही घासूनपुसून द्यायच्या. १९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष भिनून त्या अचानक गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केलं नाही. पुढचं आयुष्य त्यांनी वांद्र्याच्या पाली हिलवर बहीण आणि मेहुण्यांच्या घरी काढलं.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. रंगीत चित्रं आणि सोपी भाषा. तोपर्यंत पक्षी हा साहेबाच्या किंवा शिकाऱ्याच्या आवडीचा विषय होता. आता शाळामास्तर, कारकून, रेल्वेतला बाबू असे कुणीही पुस्तक काखोटीला मारून गावाबाहेर जाऊ शकत होते. नेहरू आणि इंदिरा गांधीही या पुस्तकाचे वाचक होते, आणि ती ओळख पुढं फार कामाला आली.

१९४५ मध्ये कच्छच्या मोठ्या रणात त्यांनी रोहित पक्ष्यांची वीण पाहिली. उथळ खाऱ्या पाण्यात चिखलाची बुटकी घरटी, क्षितिजापर्यंत. पक्ष्यांचा त्यांचा अंदाज पाच लाखांच्या घरात होता. या जागेला फ्लेमिंगो सिटी म्हणतात. आज शिवडीच्या, ठाण्याच्या खाडीत आणि भिगवणला लोक ज्या रोहित पक्ष्यांचे फोटो काढतात, त्यांचं माहेर गुजरातच्या या बाजूला आहे.

आता येतो तो विषय, ज्याची सुरुवात एका तापानं झाली.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली. पाठोपाठ माणसंही. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरनं, म्हणजे आजच्या एनआयव्हीनं, विषाणू शोधून काढला. गोचिडातून पसरणारा. गंमत म्हणजे त्याचं नातं रशियातल्या एका मेंदूज्वराच्या विषाणूशी निघालं. मग शंका आली की सायबेरियातून येणारे पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिडांतून हा रोग इकडं आणत असतील का? आपल्या सिंधुदुर्गात २०१६ मध्ये ज्या माकडतापानं बळी घेतले, तो हाच रोग.

सलीम अलींनी ही संधी बरोबर हेरली. पक्षी कुठून येतात हे कळल्याशिवाय उत्तर मिळणार नव्हतं, आणि ते कळायला रिंगा घालायला हव्या होत्या, त्याही हजारोंनी. जागतिक आरोग्य संघटनेनं मदत दिली आणि १९५९ पासून काम सुरू झालं.

पक्षी पकडायचे कुणी? त्यांनी विद्यापीठातून माणसं घेतली नाहीत, बिहारातल्या मीरशिकारांना बोलावलं. पिढ्यान्‌पिढ्या फासे आणि जाळी लावून पक्षी पकडणं हा त्यांचा धंदा. जिवंत पक्षी पीस न मोडता हातात कसा घ्यायचा हे त्यांच्याइतकं कुणालाच येत नव्हतं. पोटासाठी पक्षी पकडणारे हात शास्त्राच्या कामाला लागले.

कच्छ, भरतपूर, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचं कोडिक्कराई अशा ठिकाणी छावण्या पडल्या. प्रत्येक रिंगेवर नंबर आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला कळवा अशा अर्थाचा मजकूर. आणि मग पत्रं येऊ लागली. भरतपूरला रिंग घातलेली बदकं सोव्हिएत रशियात सापडली, कझाकस्तानात सापडली. नकाशावर रेघा उमटल्या. पक्ष्यांनी माकडताप आणल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. ज्या प्रश्नासाठी पैसे आले त्याचं उत्तर जवळपास नकारार्थी निघालं, आणि वाटेत स्थलांतराचा खजिना हाती लागला.

या कामाला डागही लागला. प्रकल्पाला पुढं अमेरिकी लष्कराशी जोडलेला पैसा मिळाल्यावरून सत्तरच्या दशकात वृत्तपत्रांत आणि संसदीय समितीत गदारोळ झाला. पक्ष्यांमार्फत रोग पसरवण्याची चाचपणी तर चालली नाही ना, असा संशय होता. सलीम अलींनी तो साफ फेटाळला. शीतयुद्धाचा काळ बघता प्रश्न विचारणाऱ्यांचंही फार चुकलं असं म्हणता येत नाही.

भरतपूरची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगायला हवी. केवलादेवचं हे पाणथळ राजस्थानातल्या राजांनी पाणी आणून, बांध घालून तयार केलेलं. हेतू एकच, शिकार. १२ नोव्हेंबर १९३८ ला, म्हणजे नेमक्या सलीम अलींच्या वाढदिवशी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. स्वातंत्र्यानंतर मागणी सुरू झाली की हे पाणी सोडून जमीन शेतीला द्या. सलीम अली नेहरूंपर्यंत गेले आणि जागा वाचली. १९८२ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं.

उद्यान झाल्याबरोबर गुरं चारायला बंदी आली. सलीम अली बंदीच्या बाजूनं होते. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं गेली. आणि पुढं सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून निघालं ते असं की म्हशी गेल्यामुळं गवत माजलं, पाण्याचा पृष्ठभाग झाकला आणि बदकांनाच जागा उरली नाही. म्हशी पाणथळ बिघडवत नव्हत्या, राखत होत्या. सलीम अलींच्या कौतुकाच्या लेखांत हा भाग सहसा गाळला जातो.

असाच धडा सोलापूरनंही दिला. माळढोक हा राष्ट्रीय पक्षी व्हावा हा सलीम अलींचा आग्रह, पण १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. १९७९ मध्ये नान्नजच्या परिसरात माळढोक अभयारण्य झालं, ते तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं आली, गावं आली, रस्ते आले. लोकांना जमिनीचे व्यवहार अवघड झाले आणि पक्ष्याबद्दल आपुलकी वाटण्याऐवजी राग बसला. नंतर हद्द खूप कमी करावी लागली. माळढोक तोवर जवळपास संपला होता.

फलटण, माण, खटावचा माळ याच दख्खनी पट्ट्यातला. तिथल्या कुसळी गवतावर हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी जमिनीलगत तरंगत टोळ टिपतात. भोरडीही दाणे खाते तशी टोळ आणि अळ्याही खाते. पक्षी शेतकऱ्याचं किती वाचवतात याचा हिशोब मांडला पाहिजे, हे सलीम अली तीसच्या दशकापासून लिहीत होते. कालवा आला, साखरवाडीचा कारखाना आला, ऊस आला. त्यानं तालुक्याचं पोट भरलं, त्यावर टीका कोण करणार? पण सरकारी कागदावर माळाला पडीक म्हणतात, आणि पडीक जमिनीची कुणी बाजू घेत नाही.

उलटी गोष्टही जवळच आहे. फलटणहून बारामतीमार्गे साठ-सत्तर किलोमीटरवर भिगवण. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, गावं बुडाली आणि मागं उथळ पाण्याचा मोठा पसारा तयार झाला. तिथं रोहित येतात, हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस येतात. धरणात जमिनी गेलेल्या भागातले मच्छीमार आता होडीतून पक्षी दाखवतात. साताऱ्यातच खटाव तालुक्यातला मायणीचा तलावही याच पाहुण्यांसाठी ओळखला जातो.

उतारवयातही सलीम अली थांबले नाहीत. १९५० मध्ये स्वीडनमधल्या पक्षी परिषदेसाठी त्यांनी मोटरसायकल बोटीनं युरोपात नेली आणि तिच्यावरूनच परिषदेला पोचले. अमेरिकेच्या डिलन रिप्ले यांच्यासोबत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ लिहिला, तो १९६८ ते १९७४ दरम्यान आला. १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळालं. त्याच वर्षी ५० हजार डॉलरचं गेटी पारितोषिक मिळालं, त्यातला मोठा वाटा सोसायटीला दिला. केरळातलं सायलेंट व्हॅली धरणात जाऊ नये म्हणून आवाज उठवला. १९८५ मध्ये राज्यसभेवर नेमणूक झाली. जून १९८७ मध्ये, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत ते गेले.

त्यांच्यामागं भरतपूर राहिलं, पण तिथला सगळ्यात देखणा पाहुणा राहिला नाही. सायबेरियन क्रौंच २००२ च्या हंगामानंतर भारतात आले नाहीत. भरतपूरचं पाणी होतं, पहारेकरीही होते. पण सायबेरिया ते राजस्थान या वाटेवर अफगाणिस्तानसारख्या मुक्कामांत शिकार चालूच होती. स्थलांतर करणारा पक्षी एका गावचा नसतो. मधला एक थांबा तुटला तरी शेवटच्या थांब्यावरचा फलक रिकाम्या पाण्याकडं बघत उभा राहतो.

महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सलीम अलींच्या. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तरी मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून एका रात्रीत सुमारे चाळीस रोहित मेले. ते इतक्या रात्री कुठून कुठं निघाले होते, यावर बरेच दिवस वाद चालला.

असल्या प्रश्नाला उत्तर देणारी रिंग आता बदललीय. २०२२ मध्ये सोसायटीनं खाडीतल्या काही रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारी छोटी यंत्रं बसवली. त्यांतल्या एकाचं नाव सलीम अलींचे नातलग आणि सोसायटीचे जुने सचिव हुमायूं अब्दुलअली यांच्यावरून हुमायूं ठेवलं. पावसाळ्याच्या तोंडावर हुमायूं गुजरातेत भावनगरकडं निघून गेला, आणि नंतर पुन्हा ठाणे खाडीत परतला.